कुंपणापलीकडची मुलगी

पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात मी शिकते आणि दुपारी तिथल्याच ग्रंथालयात काम करते. एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांतली राजकीय व्यंगचित्रं स्कॅन करायची आणि प्रत्येकात काय दिसतं ते लिहायचं, एवढंच काम. माझ्या वरिष्ठ बाई मूळच्या कॅनडाच्या. साठी उलटलेली, इथे तीस वर्षं काढलेली, तरी पासपोर्ट तिकडचाच ठेवलेला.

बहुतेक चित्रांत अमेरिका म्हणजे उंच टोपी आणि पट्ट्यापट्ट्यांची विजार घातलेला हाडकुळा माणूस, आणि कॅनडा म्हणजे लोकरीच्या टोपीतली तरुण मुलगी. कधी तो तिला मागणी घालतो. कधी ती फांदीला फळासारखी लटकलेली असते आणि तो खाली टोपली घेऊन उभा असतो. एका चित्रात तो कुंपणावर कोपरं टेकून नुसता हसतोय, आणि तिच्या अंगणातला कुत्रा शेपूट पायांत घालून बसलाय.

"या कुत्र्याकडे बघ," बाई म्हणायच्या. "चित्रकाराला सगळं कळलं होतं."

आम्ही दोघी हसायचो.

त्यांतली वीस चित्रं निवडून बाईंनी प्रदर्शन भरवलं. नेमकं त्याच हिवाळ्यात, कॅनडा अमेरिकेत सामील करून घ्यावा, अशी भाषा बातम्यांत सुरू झाली. दर उन्हाळ्यात तिकडून गाडीने येणाऱ्या बाईंच्या बहिणीने फोन करून सांगितलं, "या वर्षी मी येत नाही."

दाराशी अभिप्रायाची वही ठेवली होती. पहिल्या आठवड्यात "मजा आली", "छान मांडणी" असं काहीबाही होतं. मग एका सोमवारी कोणीतरी निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आता वेळ आली." दुसऱ्या दिवशी त्याच अक्षरात, "लवकरच." शुक्रवारी वही उघडली तर अख्ख्या पानावर फक्त एका गाडीचा नंबर होता.

बाईंनी वही जवळ ओढली. "माझी गाडी आहे ही," त्या म्हणाल्या.

सुरक्षारक्षक आला, फोटो काढून घेऊन गेला. कोणा विद्यार्थ्याची मस्करी असेल म्हणाला. त्या दिवसापासून बाई बसने यायला लागल्या. चित्रं बघत कोणी जरा जास्त रेंगाळलं, की मी त्याच्या हातातल्या पेनाकडे बघायचे.

मग कॉलेजच्या ऑफिसातून ईमेल आला : चित्रांखालच्या चिठ्ठ्या तटस्थ भाषेत पुन्हा लिहाव्यात. बाईंनी साफ नकार दिला. ते काम माझ्याकडे आलं.

"यार, लिहून टाक ना," माझी पुण्याची रूममेट म्हणाली. "तुझा व्हिसा या कॉलेजवर आहे. आत्ता कशाला नजरेत येतेस?"

मी लिहिलं. 'कुंपणाच्या एका बाजूला एक पुरुष, दुसऱ्या बाजूला एक मुलगी.' कुत्रा गाळला. बाईंनी ती चिठ्ठी वाचली, फ्रेमखाली तिरकी लागली होती ती सरळ केली आणि आत निघून गेल्या.

मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली. बहीण सीमेपलीकडे थांबणार होती, अलीकडे यायला ती तयार नव्हती. सामान बांधायला मी गेले होते.

"रागावलात का माझ्यावर?" मी शेवटी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तू लिहिलंस त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याचंच जास्त वाईट वाटलं."

मी टेप लावत राहिले.

प्रदर्शन ठरल्या तारखेला संपलं. वही कुठे गेली, कोणी सांगितलं नाही. बाईंचे ईमेल आधी आठवड्याला यायचे, आता क्वचित येतात. त्यांच्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही, त्यामुळे दुपारी त्या खोलीत मी एकटीच असते. गेल्या महिन्यात मेक्सिकोच्या चित्रांची पेटी उघडली. दोन ओळींच्या वर मी काही लिहीत नाही, आणि दाराकडे पाठ करून बसत नाही.