माशीवाले सर

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जीप थांबली की सर खाली उतरायचे आणि हात वर करायचे. मागून येणाऱ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मग मान जराशी तिरपी करून म्हणायचे, "आधी आवाज ऐका."

आम्ही ऐकायचो. मधमाश्यांच्या लाकडी पेट्या लांब लिंबाच्या सावलीत असायच्या, तिथून मंद गुणगुण यायची. मला ती रोज सारखीच वाटायची. सरांना नाही. "खुशीत आहेत," म्हणाले की आत जायचं. "आज जपून," म्हणाले की मी जीपमध्येच बसून राहायचो.

तुम्ही फुलोऱ्याच्या दिवसांत बुलडाणा जिल्ह्यात आला असाल, तर कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट पाहिले असतील. कमरेएवढ्या हिरव्या दांड्या आणि प्रत्येक दांडीच्या टोकावर पांढरा गोल गोंडा. त्या गोंड्यावर माशी फिरली नाही तर आत बी भरत नाही, नुसता भुसा निघतो. आमच्याकडे फवारण्या वाढल्या तशा रानातल्या माश्या दिसेनाशा झाल्या. म्हणून पाळीव माश्यांच्या पेट्या आणायच्या, त्या कुठे आणि किती अंतरावर ठेवल्या तर बी चांगलं भरतं ते तपासायचं, हे सरांचं संशोधन. काही गोंड्यांना ते जाळीच्या पिशव्या बांधायचे, म्हणजे तिथे माशी बसूच नये, आणि मग उघड्या गोंड्यांशी तुलना करायचे. मी त्या प्रकल्पाच्या जीपवर ड्रायव्हर होतो. गावात त्यांना सगळे 'माशीवाले सर' म्हणत.

सकाळी जीपमध्ये बसल्याबरोबर ते आधी माझं डोकं हुंगायचे. उग्र वासाने माश्या बिथरतात म्हणून.

"गजानन, आज काय लावलंस?"

"खोबरेल, सर."

"हे खोबरेल नाही. कुणाच्या लग्नाला निघालायस?"

मग मी हौदावर डोकं धुऊन यायचो आणि ओल्या केसांनी जीप चालवायचो.

हे सगळं गमतीचं होतं, प्रकल्पाच्या शेवटून दुसऱ्या हंगामापर्यंत. आयुष्यभरात त्यांना किती माश्या चावल्या असतील याची गणती नव्हती. चावलं की नखाने काटा खरवडून काढायचे आणि बोलणं पुढे चालू. पण त्या हंगामात एक दिवस मनगटावर एकच माशी चावली आणि बघता बघता अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. दवाखान्यात डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "तुमच्या शरीराला आता हे विष सोसत नाही. पुढच्या वेळी याहून वाईट होईल. हे काम सोडा."

सरांनी काम सोडलं नाही. एक हंगाम बाकी होता; तो गेला तर आधीचे सगळे वाया जाणार होते. मला त्यांनी एक लहान डबा दाखवला. त्यात औषधाची कुपी आणि दोन सुया. "कुपीत दोन वेळचं औषध आहे. मी पडलो तर मांडीत, बाहेरच्या बाजूला टोचायचं. पँटवरून चालतं."

"घरी सांगतलं का सर तुम्ही?"

"घरी मी ऑफिसात बसतो," ते म्हणाले. "आणि गावात?" मी विचारलं. "गावात कळलं तर पेट्या ठेवू देतील का?"

तेव्हापासून माझं वावराकडे बघणंच बदललं. ते जाळीचा टोप घालून पेटी उघडायचे, आणि मी जीपचं दार उघडं ठेवून, डबा मांडीवर घेऊन बसायचो. घाम पुसायलाही हात उचलावासा वाटायचा नाही.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी आवाज खुशीत होता. दिनकररावांच्या प्लॉटमध्ये बाया निंदत होत्या. दिनकरराव म्हणजे ते वावर ज्यांचं होतं ते. त्यांचा ट्रॅक्टर पाण्याचा टँकर मागे घेत लिंबाखाली आला आणि टँकर पेट्या ठेवायच्या लाकडी घोडीवर आदळला. दोन पेट्या उलट्या पडल्या. मी काही बघायच्या आत सरांची मान वर झाली होती. गुणगुण तुटून तिचा खरखरीत, चढा सूर झाला होता.

"बाया! बाहेर काढ!" ते ओरडले.

बाया पदर डोक्यावर घेऊन पळाल्या. त्यांतल्या कौसल्याबाई सगळ्यांत आत होत्या. त्या पळाल्या, अडखळल्या आणि सरीत पडल्या. सरांचा टोप जीपच्या टपावर होता. तो घ्यायला ते थांबले नाहीत.

दोन्ही हातांनी त्यांना ओढत सर बाहेर आले, तेव्हा कौसल्याबाईंचा चेहरा ओळखू येत नव्हता. "मले काहीच दिसून नाही राह्यलं वो," एवढं म्हणून त्यांची मान कलंडली. सरांनी डबा हिसकून घेतला, सुई भरली आणि लुगड्यावरूनच त्यांच्या मांडीत टोचली. सरांच्या स्वतःच्या मानेवर माश्यांचे काटे तसेच रुतलेले होते.

आम्ही कौसल्याबाईंना मागच्या सीटवर आडवं केलं. सर खाली, पायाशी बसले. मी चिखलीच्या रस्त्याला जीप काढली.

आरशात मला त्यांचं तोंड दिसत होतं. "सर, तुमचे ओठ सुजून राह्यले."

"समोर बघ."

"उरलेलं औषध तुम्ही घ्या न सर."

"थांब. यांना परत लागेल कदाचित."

"अन् तुम्हाले?"

त्यांनी खिशातली अ‍ॅलर्जीची गोळी चघळली आणि कौसल्याबाईंचं मनगट धरून बसले. रस्त्यात कापसाच्या गाड्या आडव्या येत होत्या. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हतो. मध्येच कौसल्याबाई सावरल्यासारख्या झाल्या, पाणी मागितलं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांचा श्वास पुन्हा घरघरू लागला.

दुसरी सुई भरून कौसल्याबाईंना टोचताना सरांना कोपर सीटला टेकवावं लागलं. आरशात मी ते पाहिलं आणि पुढे आरशात बघायचंच सोडलं. मागून दोन श्वास ऐकू येत होते. कोणता कुणाचा, ते कळत नव्हतं.

चिखलीला दवाखान्याच्या दारात त्यांनी हाताने खूण केली, आधी त्यांना. मग स्वतः उतरायला गेले आणि पायरीवरच बसले. माणसांनी त्यांना उचलून आत नेलं.

दोघंही वाचले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून सगळं ऐकून दिनकरराव सरांच्या खाटेपाशी आले. सरांचे डोळे अजून पुरते उघडत नव्हते.

"तुमच्या जिवाले धोका हाय, हे तुम्हाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग आम्हाले काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही पेट्या ठेवू दिल्या नसत्या," सर म्हणाले. "पण ते मी चुकलो. बायकांना तरी सांगायला हवं होतं, काय होऊ शकतं ते."

दिनकररावांचा आवाज चढला. "पेट्या आजच उचला. फुलोरा गेला खड्ड्यात."

दारात कौसल्याबाई नवऱ्याच्या आधाराने उभ्या होत्या. चेहरा अजून सुजलेला. "पेट्या कायले उचलता दिनकरभाऊ? टँकर तुमचाच आदळला न? पेट्या वाटेतून बाजूले करा. अन् ते इंजेक्शन गावातल्या नर्सबाईपाशी ठेवा." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "मी मातर तुमच्या माश्या असेपर्यंत त्या वावरात पाय ठेवत नाही. सांगून ठेवतो."

सरांनी हात जोडले. दिनकरराव तसेच निघून गेले. संध्याकाळी मी गावात गेलो, तर त्यांची माणसं पेट्यांच्या नव्या जागेभोवती पऱ्हाटीचं, कापसाच्या वाळक्या झाडांचं, कुंपण घालत होती.

उरलेला फुलोरा सरांनी जीपमध्ये बसून काढला, काचा बंद करून. उन्हाने आत भट्टी व्हायची. एक तरुण मुलगी मदतनीस म्हणून आली होती. ती गोंडे बघायची, सर काचेतून बोटाने दाखवायचे. फुलं वाळली, पेट्या ट्रकने गेल्या, तेव्हा कुठे ते खाली उतरले.

गोंडे कापणीला आले त्या दिवशी कौसल्याबाईही वावरात होत्या. त्यांनी एक वाळका गोंडा तळहातावर चोळला, फुंकर मारली आणि काळंभोर बी सरांपुढे धरलं.

"भरलं," त्या म्हणाल्या.

"भरलं," सर म्हणाले. दोघंही हसले नाहीत.

त्यानंतर सरांची दूरच्या शहरातल्या ऑफिसात बदली झाली, खरोखरीच्या ऑफिसात. आता दुसरे साहेब येतात, जीप मीच चालवतो. सरांना मी पुन्हा पाहिलं नाही.

पण गोंडे कापले त्या दिवशी परतताना ते कुंपणापाशी थांबले होते. पेट्या ठेवल्या होत्या तिथे त्या लाकडी घोड्यांच्या पायांच्या खुणा उरल्या होत्या. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. त्यातली एक मागेच राहिली होती. पाणी आटलं होतं, तळाशी एक मेलेली माशी. सर उकिडवे बसले. बोट वाटीपर्यंत नेलं. मेलेल्या माशीच्या नांगीतही विष असतं. बोट तिथेच थांबलं, मग त्यांनी हात हळूच मागे घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. मी जीप चालू केली नाही.