अत्तींचा थोरला भाऊ

मी मालिका बघत नाही. संध्याकाळी पोळ्या लाटताना जे कानावर पडतं तेवढंच. आता पोळपाट हळूहळू स्वयंपाकघरातून टीव्हीसमोर कसा सरकला आणि पोळ्या नेमक्या मालिकेच्या वेळेलाच का लाटाव्या लागतात, हे विचारणारं घरात कुणी नाही म्हणून बरं. खऱ्या प्रेक्षक माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला अत्ती म्हणतात. त्यांचं माहेर दुधनीचं. तिथे अर्धं घर कानडीत भांडतं आणि उरलेलं अर्धं मराठीत समजूत काढतं.

अत्तींना भाऊ नाही. त्यांच्या बाजूला नागपंचमीला भाऊ बहिणीला न्यायला येतो. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून शेजारणींचे भाऊ येताना त्यांनी बघितले, त्यांच्या दारात कुणी आलं नाही. तरी पंचमीच्या आदल्या दिवशीचा भावाचा उपास त्यांनी कधी मोडला नाही. कुणासाठी धरता म्हणून विचारलं की म्हणायच्या, नागोबासाठी. पुढे मालिकेत अण्णा आले आणि नागोबाची बदली झाली. अण्णा म्हणजे त्या मालिकेतले थोरले भाऊ, बहिणींची लग्नं लावता लावता स्वतःचं करायचं विसरलेले. अत्ती अठ्ठ्याहत्तरच्या, अण्णांचं काम करणारे नट पन्नाशीच्याही अलीकडचे. पण थोरलं कोण आणि धाकटं कोण हे अत्तींनी एकदा ठरवलं की जन्मतारखेला कोण विचारतं.

गेल्या श्रावणात ती अख्खी मालिका आमच्या बोळात अवतरली. शुक्रवार पेठेत आमच्या घरापासून चार दारं सोडून एका व्यापाऱ्याचं जुनं दगडी घर आहे, ते अण्णांच्या मामाचं घर म्हणून आठवडाभर घेतलेलं. मोठ्या गाड्या बोळात शिरेनात, म्हणून मेकअप केलेले नट हातात छत्री धरून चिखल चुकवत आमच्या दारावरून जायचे. अत्तींचे गुडघे धड नाहीत, आणि गर्दीत धक्के खायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी मला वार्ताहर नेमलं. शाळेच्या गणवेशांचा माझा शिलाईचा हंगाम जुलैतच संपलेला, मशीनवर कापड टाकून ठेवलेलं. मी म्हटलं, तुमच्यासाठी जाते. त्या हसल्या. त्यांना पोळपाटाची गोष्ट ठाऊक होती.

चित्रीकरण म्हणजे काय, तर वाट बघणं. दोन वाक्यांसाठी सकाळ जाते. दिवे सरकवायचे, उजेड वळवायला थर्माकोल धरायचे, कुणीतरी शांत बसा म्हणून ओरडायचं, आणि सगळं गप्प झालं की नेमकी कुणाच्या तरी घरातून कुकरची शिट्टी. दुसऱ्याच दिवशी युनिटचा माणूस दारोदार हात जोडत फिरला. त्या आठवड्यात अख्ख्या बोळानं वरण पातेल्यात शिजवलं, आणि पुरुषमंडळींनी डाळ कच्ची राहिल्याची तक्रारसुद्धा हळू आवाजात केली.

रोज दुपारी मी अत्तींना बातम्या द्यायची. सगळ्या नाही. अण्णांचा कट्टर वैरी, त्यांची जमीन लाटणारा मेहुणा, जेवणाच्या सुट्टीत अण्णांच्याच डब्यातली शेंगा चटणी बोटानं चाटतो, हे मी गिळून टाकलं. अत्तींचे प्रश्न वेगळेच असत. अण्णा उन्हात उभे होते का? त्यांना खुर्ची देतात का? चेहरा कसा होता? मी म्हणायची, छान होता, सगळ्यांना हसवत होते. खरंच ते दिवसभर हसवायचे, दिवे उचलणाऱ्यांपासून आम्हा बघ्या बायकांपर्यंत.

बुधवारी मात्र मी बघायला नको ते बघितलं. माजघराच्या भिंतीवर एकजण खिळा ठोकत होता. मग त्यानं एक मोठी तसबीर लावली आणि तिला चंदनाचा हार घातला. तसबीर अण्णांची. खाली बाकावर खुद्द अण्णा गरम भजी खात बसलेले. त्यांनी वर बघितलं आणि हार डावीकडे कलला आहे म्हणून सांगितलं. तो सरळ करून घेतला, मग पुढचं भजं उचललं.

मी युनिटच्या माणसाला बाजूला घेऊन विचारलं, तर तो घाबरला. अपघात आहे, पुढच्या महिन्यात दिसेल, तोवर कुठे बोलू नका, माझी नोकरी जाईल, म्हणाला. मी शपथ घेतल्यासारखं तोंड बंद केलं आणि घरी आले. अत्ती दारातच बसलेल्या. आज अण्णांनी काय केलं? मी म्हटलं, भजी खाल्ली. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावाचा उपास. सकाळी अत्तींनी नुसता चहा घेतला आणि जपमाळ घेऊन बसल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. ज्याच्यासाठी ही बाई या वयात उपाशी बसली, त्याच्या तसबिरीला काल हार चढलेला मी डोळ्यांनी बघितला होता. मला राग आला. मालिका लिहिणाऱ्याचा आला, त्या खिळ्याचा आला. सासरे गेले तेव्हा अत्ती पंधरा दिवस जेवणाच्या ताटावरून उठून जात होत्या. पुन्हा नीट जेवायला बसू लागल्या त्या या मालिकेपुढे, अण्णा पडद्यावर पंगत वाढत असताना. तो माणूस पडद्यावरून गेला की संध्याकाळचं ताट पुन्हा तसंच राहणार, ही भीती मला खात होती.

पंचमीला तर आणखी गंमत. त्या दिवशी आमच्याकडे काही चिरत नाहीत आणि तव्यावर भाजत नाहीत, पुरणाची दिंडं उकडतात. आणि यांच्या प्रसंगात नायिका विळीवर भाजी चिरत रडणार होती. घरमालकिणीनं विळी द्यायलाच नकार दिला. बोळातल्या बायका तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. शेवटी नायिका मेथी निवडत रडली, आणि आमच्या मते जास्त चांगली रडली. अण्णांनी मध्यस्थी केली होती. हे मी अत्तींना तिखटमीठ लावून सांगितलं, तेव्हा त्या समाधानानं हसल्या.

तोवर मी एक बेत आखला होता. अण्णांचं काम करणारे नट इथेच आहेत म्हटल्यावर त्यांच्या नाटकवाल्यांनी शनिवारी दुपारचा प्रयोग सोलापुरात लावला होता. अत्तींना तिथे न्यायचं. हा माणूस जिताजागता, धडधाकट त्यांना दाखवायचा, भेटवायचा, आणि मग घरी आल्यावर बेतानं तसबिरीचं सांगून टाकायचं. गुडघ्यांचं कारण सांगतील असं वाटलं होतं, पण त्या शुक्रवारी रात्रीच इरकली साडी काढून बसल्या. सकाळी उठून दाणे-गूळ भरून शेंगाच्या पोळ्या केल्या. आमच्या गल्लीतल्या ओळखीच्या रिक्षावाल्यानं त्यांना काठीसकट धरून बसवलं आणि खड्डा आला की स्वतःच आधी 'अम्मा, संभलके' म्हणत नाट्यगृहापर्यंत नेलं.

नाटक विनोदी होतं. आमचे देवमाणूस अण्णा त्यात एक नंबरचे चिक्कू मामा. सख्ख्या बहिणीला चहा विचारायचा नाही म्हणून साखरेचा डबा घेऊन कपाटात लपणारे. मला धाकधूक, हे बघून अत्तींना काय वाटेल. त्या इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसायला लागल्या. मध्यंतरात म्हणाल्या, ह्याला काम येतंय. त्या आवाजात मी पहिल्यांदाच भक्तीपेक्षा वेगळं काहीतरी ऐकलं. पण माझं सगळं लक्ष माझ्या बेताकडे, त्यामुळे ते तिथेच राहिलं.

प्रयोग संपल्यावर रंगपटाच्या दारात फोटो काढणाऱ्यांची रांग लागली. वय बघून लोकांनी अत्तींना पुढे सोडलं. आत आरशासमोर ते बसलेले, तेल लावलेल्या कापसानं रंग पुसत होते. अर्धी मिशी निघालेली, अर्धी बाकी. अत्तींना बघून उठले आणि म्हणाले, या आजी.

"आजी कुणाला म्हन्तोस?" अत्ती म्हणाल्या. "तू थोरला भाऊ हाईस माजा."

ते खळखळून हसले, वाकून पाया पडले. थोरल्या भावानं पाया पडू नये, हे अत्तींनी त्या वेळेपुरतं सोडून दिलं. पिशवीतून पोळ्यांचं पुडकं काढून त्यांच्या हातात ठेवलं. मी फोनचा कॅमेरा उघडत होते. तेवढ्यात अत्तींनी विचारलं, "किती दिवसाचं काम राहिलंय तुजं?"

 अण्णांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मी जोरजोरात मान हलवली, मी काही बोलले नाही म्हणून.

"तिनं न्हाय सांगितलं," अत्ती म्हणाल्या. "तिजोरीच्या किल्ल्या तू धाकट्या भावाच्या हातात दिल्यास की, तवाच कळलं मला. मालिकेत मानूस लई चांगलं वागाय लागलं, सगळ्यांची माफी मागाय लागलं, की त्याचं काय खरं नसतंय."

तीन दिवस जी गोष्ट मी छातीवर दगड ठेवल्यासारखी सांभाळत होते, ती या बाईला माझ्याआधी ठाऊक होती. मला हसू यायच्या आधी राग आला आणि तोंडातून निघून गेलं, मग परवा उपास कुणासाठी धरला होता?

"ह्याच्यासाठी की," अत्ती म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही, त्यांच्याकडेच बघत होत्या. "अण्णाला मारायचं का ठिवायचं, ते लिहिणारा बघंल. हे तर खरं मानूस हाय. ह्याचं काम सुटलंय."

आठवडाभर सगळ्यांना हसवणारा तो माणूस पुडकं मांडीवर घेऊन खाली स्टुलावर बसला. आठवडाभर मी त्यांच्यासमोर उभी होते, हार बघितला होता, कलला होता तो सरळ करताना बघितला होता, आणि एकदाही मनात आलं नाही की ही मालिका म्हणजे या माणसाची रोजची भाकरी आहे. मला फक्त आमच्या घरातल्या ताटाची काळजी होती. त्या क्षणी मला अत्तींचा फार अभिमान वाटला आणि डोळे भरून आले, हे इथे लिहायला हरकत नाही.

पुडक्याकडे बघत ते म्हणाले, "घरी अजून सांगितलं नाही मी."

"बायकोला?"

त्यांनी मान हलवली.

"तिला कळलंय," अत्ती म्हणाल्या. "आमास्नी आधीच कळतंय. तू कवा सांगतोस म्हणून बसलीय ती. लाव फोन."

त्यांनी आरशाखालचा फोन उचलला. अत्तींनी माझा दंड धरला, मला बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. फोटो राहून गेला. बाहेर रांग वाढली होती. एका कॉलेजच्या मुलीनं दाराच्या कडीला हात घातला, तशी अत्तींनी काठी आडवी धरली.

"थांबा वाईच," त्या म्हणाल्या. "माजा भाऊ घरी बोलतोय."