उत्तमरावांचा संत्र्यांचा सिनेमा

शेंदूरजनाघाटच्या उत्तमरावांनी आयुष्यात एकच सिनेमा काढला, आणि पुढं कुणी त्याचं नाव काढलं की ते असे तापायचे की समोरच्यानं चहा अर्धा टाकून उठावं.

वडील पंजाबराव संत्र्याचे बागाईतदार. एकेक कलम स्वतःच्या हातानं लावलेलं, कावडीनं पाणी घालून जगवलेलं. त्यांच्या लेखी सिनेमा म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा. मुलगा मात्र अमरावतीला एका वितरकाकडे चिकटला आणि रिळांचे डबे घेऊन अकोला, अचलपूर, पातूर असा दहा वर्षं मोटारीनं हिंडला. "आमचं पोरगं डबे वाहून राह्यलं," असं पंजाबराव चारचौघांत सांगायचे. ते उत्तमरावांच्या जिव्हारी लागलं होतं. वडिलांच्याच बागेत सिनेमा काढायचा आणि त्यांना थिएटरात शेजारी बसवून दाखवायचा, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं.

एकोणीसशे साठ साली कशीबशी जमवाजमव झाली. मुंबईचा दिग्दर्शक म्हणाला, दिवाळी झाली की येतो, पण झाडं फळांनी लगडलेली हवीत. उत्तमरावांनी वडिलांच्या हातापाया पडून तोड थांबवली. कार्तिकातली तारीख पौषावर गेली. फळं पोचट झाली, रोज टोपल्या भरभरून गळू लागली. पंजाबराव बागेच्या धुऱ्यावर, बांधाशी उभे राहून विचारायचे, "काऊन रे, तुह्या मुंबईवाल्याले संत्रं झाडावर किती दिवस टिकते हे मालूम नाही काय?" तारांवर तारा करून उत्तमराव मेटाकुटीला आले होते.

मंडळी संक्रांतीला उगवली तेव्हा बाग रिकामी. मग वरुडच्या बाजारातून मिळतील ती संत्री आणून दोऱ्यानं फांद्यांना बांधली. कॅमेऱ्याच्या आड येणाऱ्या फांद्या दिग्दर्शकानं खुशाल छाटायला लावल्या. निर्माता म्हणवणारे उत्तमराव नुसते पाहत राहिले.

आणि सिनेमा काळापांढरा असतो हे उत्तमरावांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? दहा वर्षं तेच डबे वाहिले होते! पण बाग मनात आली की ती रंगासकट यायची, तिथं त्यांचं डोकंच चालायचं नाही. थिएटरातला ऑपरेटर गुलाम नबी रिळं चालवून पाहताना म्हणाला, "उत्तमभाऊ, ये संतरे हैं के आलू?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

अमरावतीच्या पहिल्या खेळाला पंजाबराव धुवट धोतर नेसून, नवा पटका बांधून आले. पडद्यावर नायिका छाटून ओळखू न येणाऱ्या करड्या झाडांमधून गात चालली होती. उत्तमराव पडद्याकडे बघतच नव्हते, ते वडिलांचा चेहरा बघत होते. म्हातारा पुढं वाकला, डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिला. मग मुलाच्या कानाशी आला.

"कोनाची बाग व्हय रे हे?"

उत्तमरावांना छाती फोडून ओरडावंसं वाटलं, बाबा, तुमचीच! पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"असंन कोनाची तरी. मुंबईकडची."

"तरीच म्हनलं," पंजाबराव मागं रेलले. "मालकाचं ध्यान नाही दिसत झाडायवर."