तारांची पट्टी एक, स्पीकरची दुसरी

माझा उजवा खांदा आखडला आणि गिटारचा अँप्लिफायर उचलणं बंद झालं. तो जुना, पूर्वीच्या रेडिओत असत तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीतला. दोन माणसांनी धरावा एवढा जड. लखनौच्या विकास नगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून तो खाली न्यायचा आणि तालमीला महानगर वस्तीत पोचवायचा, हे मी सहा वर्षं एकटीने केलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

त्याच सुमारास हवाई दलातल्या एका मराठी अधिकाऱ्याची बदली झाली. इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीत एकदा ओळख झालेली, तेवढीच. त्यांनी फोन करून सांगितलं, "वहिनी, माझ्याकडे एक मॉडेलर आहे आणि त्याच्या जोडीची गिटार. सामान कमी करतोय. तुम्ही घ्या." मॉडेलर म्हणजे पायाशी ठेवायची पाटाएवढी पेटी. आत संगणक. जगातल्या नावाजलेल्या अँप्लिफायरांचे आवाज त्यात नकलून ठेवलेले. गिटारही तशीच. एक बटण फिरवलं की तीच गिटार बारा तारांची वाटते, दुसरं फिरवलं की तारांना हात न लावता सगळी पट्टी खाली उतरते.

मी घेतली. पण इतकी चांगली वस्तू माणूस सोडतो का, हे काही मनातून जाईना.

मी रेल्वेत सिग्नलची इंजिनिअर आहे. आमच्याकडे काही बिघडलं की सिग्नल आपोआप लाल पडतो, त्यामुळे लालवर कुणी शंका घेत नाही. शंका घ्यायची ती हिरव्यावर. पंचवीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. नवरा म्हणतो, "तुला दूधवाल्याचं दूध चांगलं लागलं तरी तू विचारतेस, आज काय घातलं?"

पहिल्या संध्याकाळी हेडफोन लावून बसले. पहिलाच आवाज ऐकला आणि हात थांबला. एखाद्या मोठ्या स्टुडिओत बसून वाजवतेय असं वाटत होतं. एक साधा स्वर छेडला तरी त्याच्यामागे अख्खी खोली उभी राहत होती. मी हेडफोन काढून मुलीला दिले. ती पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

"कसं वाटतंय?"

"मम्मी, ये तो बहुत प्रो लग रहा है. आप ही बजा रही हो ना?"

तिने सहज म्हटलं, पण मला ते लागलं. कारण मलाही तेच वाटत होतं. मी इतकी चांगली वाजवत नाही. मग हे वाजवतंय कोण?

गिटारने तर कमालच केली. पट्टी उतरवायचं बटण फिरवलं आणि हेडफोन जरा सैल झाले, तर मला दोन गिटारी ऐकू यायला लागल्या. कानातली एक, मांडीवरची दुसरी, आणि दोघींचं जमत नव्हतं. खऱ्या तारा त्यांच्याच सुरात वाजत होत्या. पेटी मात्र त्या दीड सूर खाली उतरवून ऐकवत होती. मला वाटलं, सापडला दोष! मी त्या अधिकाऱ्यांना फोन लावला.

"भाऊ, खरं सांगा. गिटारमध्ये काही बिघाड आहे का?"

"अजिबात नाही, वहिनी. ती तशीच असते. हेडफोन घट्ट लावा, म्हणजे झालं."

"मग तुम्ही का दिलीत?"

ते जरा थांबले. "बदली झाली ना." एवढंच म्हणाले. त्या थांबण्यानेच माझी खात्री झाली की काहीतरी आहे.

रविवारी तालीम होती. आमचा गट चौघांचा: मी, एक तबल्यावर, एक कीबोर्डवर, आणि गाणाऱ्या काकू. काकू सत्तरीच्या. आवाज खालच्या पट्टीचा, जरा घोगरा, पण सच्चा. तालीम त्यांच्याच घरी, महानगरमध्ये. त्यांचे यजमान, म्हणजे काका, मराठी मंडळाचे सचिव. एका सरकारी कचेरीच्या दक्षता विभागातून निवृत्त झालेले. निवृत्ती फक्त कागदावर. तालमीला दारातच खुर्ची टाकून बसायचे आणि कोण किती वाजता आलं ते बघायचे.

तिथे एक छोटा गिटार-अँप होता. मॉडेलर त्याला जोडला, घरी आवडलेला आवाज लावला. आणि पत्र्याच्या डब्यात माशी कोंडावी तसा आवाज आला. सूर जाड करावा तर घुमतो, पातळ करावा तर टोचतो. तबला सुरू झाल्यावर तर मी नाहीशीच झाले. काकूंनी गाता गाता माझ्याकडे पाहिलं, जणू मी वाजवायचीच थांबले होते.

काका दारातून म्हणाले, "ताई, तुमचं जुनं खोकंच बरं होतं."

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पेटी खांद्याला न लावता, रिक्षात मांडीवर घेऊन मी निशातगंजला गेले. तिथे एका गल्लीत माझा जुना अँप दुरुस्त करणारे म्हातारे मास्टर बसतात. लखनौभरच्या बँडवाल्यांचे अँप त्यांच्या हातून गेलेले. त्यांनी पेटी उलटी करून पाहिली, हलवून पाहिली, कानाला लावली.

"बिटिया, इसमें वाल्व कहाँ है?"

"नहीं है, मास्टर साहब. सब नकल है."

"अच्छा." त्यांनी ती टेबलावर अशी ठेवली, जणू ती चावेल. "तो नकल करने वाले से पूछो, किस-किस की नकल की है."

मी पडद्यावर एकेक खूण दाखवत गेले. ही अँपची नकल. ही त्याच्या स्पीकरची नकल. ही स्पीकरसमोर ठेवलेल्या माइकची. ही खोलीतल्या घुमण्याची.

त्यांनी हात वर केला. "रुको. इसके अंदर स्पीकर की नकल है, और तुमने आगे असली स्पीकर लगा दिया. एक डिब्बे के अंदर दूसरा डिब्बा. आवाज़ डिब्बे जैसी नहीं आएगी तो कैसी आएगी?"

मला स्वतःची लाज वाटली. हे मला कळायला हवं होतं. आम्ही त्यांच्या दुकानातल्या अँपला पेटी जोडली आणि स्पीकरची नकल बंद केली. माशी डब्यातून बाहेर आली. मग मास्टर म्हणाले, घुमणं काढ, तबला येईल तेव्हा हॉल स्वतःच घुमवेल. मग म्हणाले, जो करकरीतपणा आहे तो अर्धा कर. खालची घरघर काप, वरची शिट्टी काप. घरी हळू आवाजात कानाला जे भरलेलं वाटतं ते मोठ्या आवाजात चिखल होतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तासाभरात आम्ही त्या पेटीत नवीन काहीच लावलं नाही, नुसतं काढत गेलो. शेवटी जे उरलं ते कानाला साधं लागत होतं. पण बोट हलकं पडलं तर सूर हलका, जोरात पडलं तर जाड. हेडफोनमध्ये माझ्या बोटाला काहीच किंमत नव्हती, इथे होती.

"हॉल में सीधे मिक्सर में दोगी?" त्यांनी विचारलं.

"हाँ."

"तब वो स्पीकर वाली नकल वापस चालू करना. वहाँ आगे गिटार का स्पीकर नहीं होगा."

मी निघाले तेव्हा ते पेटीकडे बघत म्हणाले, "आवाज़ ठीक है. फिर भी, इस पर नज़र रखना."

गणेशोत्सवात मंडळाचे दोन कार्यक्रम असतात, एक मधल्या दिवशी आणि एक समारोपाचा. मधल्या दिवशी आम्ही एक जुनं भावगीत घेतलं. काकूंसाठी गिटारची पट्टी बटणाने खाली उतरवली, सुरुवातीला बारा तारांचा आवाज, कडव्यांना साधा. वायर थेट हॉलच्या साउंड-मिक्सरला. स्टेजवर माझ्यामागे अँप नाही, काही नाही, पायाशी फक्त ती पेटी. गाणं छान झालं असं मला वाटलं. टाळ्या मात्र जेमतेम पडल्या. खाली उतरले तर बायका माझ्याकडे बघून एकदम गप्प झाल्या.

मुलीने घरी येताना सांगितलं. "मम्मी, सब बोल रहे हैं कि ट्रैक चल रहा था. आप बस हाथ हिला रही थीं."

"कोण म्हणालं?"

"सेक्रेटरी अंकल."

दुसऱ्या दिवशी काकांचाच फोन आला. "ताई, समारोपाला जरा टेप न लावता वाजवाल का? साधं असलं तरी चालेल. लोकांना खरं आवडतं."

"काका, टेप नव्हती."

"असेल, असेल," ते म्हणाले. "पण एका गिटारीतून तीन गिटारी वाजत होत्या. मागे अँप नव्हता. आणि तुमच्या खांद्याचं आम्हाला माहीत आहे." दक्षतावाल्याने पुरावे ओळीने मांडावेत तसं त्यांनी सांगितलं. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणूनच जास्त राग आला.

समारोपाच्या संध्याकाळी मी कार्यक्रमाच्या तासभर आधी गेले. हॉलमध्ये कार्यकारिणीचे सात-आठ जण खुर्च्या लावत होते. काका होते, काकू होत्या. मी गिटार गळ्यात घातली आणि सगळ्यांना बोलावलं.

"हे बघा, मी आता वाजवते." मी वाजवलं. हॉलच्या स्पीकरमधून आवाज आला.

काका म्हणाले, "वायर काढून वाजवा."

मी वायर काढली. आणि तिथेच चुकले. काकूंना म्हटलं, तुम्ही पहिली ओळ गुणगुणा. त्या त्यांच्या पट्टीत गुणगुणल्या आणि माझ्या उघड्या तारा दीड सूर वर, भलत्याच वाजल्या. बारा तारा तर नाहीतच, सहा बारीक तारांची किणकिण. एकाने हसू दाबलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने सांगू लागले की पट्टी पेटी उतरवते, तारा नाही उतरवत. जितकं सांगत गेले तितकी मी खोटी दिसायला लागले. माझ्या बाजूचा पुरावाच माझ्याविरुद्ध उभा राहिला होता.

"म्हणजे तुम्ही वाजवता ते आम्ही ऐकत नाही, आणि आम्ही ऐकतो ते तुम्ही वाजवत नाही," काका म्हणाले.

तेव्हा मला आठवलं, मधल्या दिवशीच्या कार्यक्रमात दुसऱ्या कडव्यात काय झालं होतं. ते मला आणि काकूंनाच माहीत होतं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली. मी ते बोलले असते तर त्यांना सगळ्यांसमोर उघडं पाडल्यासारखं झालं असतं, तेही त्यांच्या यजमानांसमोर, जे त्यांना गेलं वर्षभर म्हणत होते की आता वय झालं, गाणं पुरे. मी गप्प राहिले. मनात मात्र आलं, या बोलणार नाहीत. यांना काय पडलंय?

गिटार उतरवायला लागले. खांद्यातून कळ आली आणि पट्टा केसांत अडकला. काकूंनी पुढे येऊन तो सोडवला आणि पट्टा हातात धरूनच बोलल्या.

"अहो, दुसऱ्या कडव्यात मी ओळ विसरले होते."

काका म्हणाले, "कधी?"

"परवा. तुम्ही पुढच्या रांगेत होतात, तरी कळलं नाही तुम्हाला. कारण हिने तोच तुकडा दोनदा, तीनदा फिरवला, मला शब्द आठवेपर्यंत. तबलजींनी पण हिच्याकडे बघूनच धरलं." त्या काकांकडे वळल्या. "टेप थांबली असती का माझ्यासाठी?"

तबलजी मागे हार घेऊन उभे होते, ते म्हणाले, "बरोबर आहे. मला वाटलं होतं ताईंनी मुद्दाम वाढवलं."

काका खुर्चीवर बसले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "तू विसरलीस, आणि मला सांगितलं नाहीस," ते हळू म्हणाले.

"सांगितलं असतं तर आज गाऊ दिलं असतंत का?"

काकांनी माझी माफी मागितली नाही. उठले आणि मला म्हणाले, "ताई, वायर जरा समोरून टाका. लोकांना दिसली पाहिजे." मग स्वतःच वायर उचलून स्टेजच्या मधोमध, सगळ्यांच्या नजरेसमोर अंथरली आणि दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली.

त्या संध्याकाळी मी बारा तारा लावल्या नाहीत. मास्टरांनी काढत काढत उरवलेला साधा आवाज लावला. काकू एक ओळ परत चुकल्या, मी परत थांबले, आणि या वेळी काकांनी पुढच्या रांगेतून मान हलवली. त्यांना कळलं होतं.

आता काकू दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे येतात. तिसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबत चढतात. माझी मुलगी त्यांना गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरात लिहून देते, मराठीत, आणि एखादी वेलांटी चुकली की काकू तिच्याकडून ती खोडून नीट लिहून घेतात. मी सूर लावते. काकू सुरुवात करण्याआधी दर वेळी एक बोट माझ्या तारांवर ठेवून बघतात, त्या खरंच हलतायत का.