हिल्डाची पडदी

हिल्डा एन्टव्हिसलचा जन्म 'शटल' पबच्या माडीवरचा. खाली बिअरची पिंपं, वर पाळणा. इंग्लंडातल्या ओल्डहॅम गावच्या मागच्या गल्लीत गिरणी कामगारांची दोन घरं एक करून तिच्या आज्यानं हा पब थाटला होता. दर्शनी भिंतीला हिरव्या चकचकीत फरशा, पुढं पुरुषांचा बार, मागं बायकांची चिमुकली खोली. मध्ये लाकडी पडदी, तिच्यात फुलं कोरलेली धुरकट काच आणि एक सरकती खिडकी. बारमध्ये बाई दिसली की पुरुष नाकं मुरडत. म्हणून गिरणीतून सुटलेल्या बायका त्या खिडकीतून ग्लास घेत आणि आत बसून नवऱ्यांची सालटी काढत. हिल्डा चालायला शिकली ती त्यांचंच बाक धरून.

पुढं इमारत बिअर कंपनीनं घेतली; पब चालवायला हिल्डाच राहिली. कंपनीचं फर्मान आलं: पडदी पाडा, एकच हॉल करा.

"आधी मला पाडा," हिल्डा म्हणाली.

ठरल्या दिवशी पबचं दार उघडताच क्लिफर्ड गवंडी दोन गड्यांसह घण घेऊन हजर. बायकांच्या खोलीत मागच्या दारानं आलेल्या म्हाताऱ्या विणकाम घेऊन आधीच ठाण मांडून बसलेल्या.

"नेली मावशी, उठा. पडदी पाडायचीय."

"पाड की. पण कोरड्या घशानं? हिल्डा, पोरांना एकेक पाइंट बिअर दे. माझ्याकडून."

क्लिफर्डनं ग्लास घेतला आणि तिथंच फसला. दुसऱ्याची प्यायची आणि आपल्या पाळीला सगळ्यांना न पाजताच उठायचं, असं करणारा माणूस त्या गावात तोंड दाखवू शकत नसे. त्यानं सगळ्यांना पाजली. मग नेलीशेजारच्या एथेलनं पाजली. मग एका गड्यानं. घण कोपऱ्यातच राहिला.

दुपारी कंपनीचे प्रेस्कॉट साहेब आले. "पडदी अजून उभीच?"

पडदीच्या काचेवर पंजा टेकून क्लिफर्ड म्हणाला, "साहेब, ती आहे म्हणून मी उभाय!"

बायका खिदळल्या. हिल्डानं खिडकी सरकवून भरला ग्लास पुढं केला. "घ्या साहेब. माझ्याकडून."

साहेबांचा हात पुढं आला, अन् तसाच मागं गेला. तेही याच गावचे.

"उद्या दुसरी माणसं आणतो," ते गुरगुरले.

"आणा की! तहान त्यांनाही असेलच."

होती. पाठोपाठ तीन टोळ्या आल्या, तिन्ही झिंगून परतल्या. शेवटी कंपनीच थकली. पडदीच्या काचेवर क्लिफर्डच्या पंजाचा तेलकट ठसा आहे. हिल्डा रोज काच पुसते, तो तेवढा सोडून.