देवाचं पाकीट आणि अर्धी गोळी

रक्तदाबाची गोळी अर्धी करायची असेल तर विळीपेक्षा अडकित्ता बरा, हे ज्ञान मी स्वतःच्या अकलेने मिळवलेलं आहे. आमचे हे गेल्यावर त्यांचा अडकित्ता कपाटात पडून होता. घरात सुपारी खाणारं कोणी उरलं नव्हतं. मी त्याला कामाला लावलं. सकाळी खोलीचं दार लोटून घ्यायचं, गोळी पात्यात धरायची आणि दाबायचं. अर्धी आज, अर्धी उद्या. डॉक्टरांनी रोज एक सांगितली होती, पण डॉक्टरांना माझ्या आणि देवाच्या मधलं काय ठाऊक? तेव्हा मी तशी लहानच होते, पासष्टी नुकतीच उलटलेली. त्या वयात बाईला आपल्याला सगळं कळतं असं वाटत असतं.

गोळ्या वाचवायच्या कशासाठी, तर दशांशासाठी. आमचं घराणं आजेसासऱ्यांपासून नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं. माझी आई भाकरीचं पीठ काढताना आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, ती देवाची. आमचे हे पगाराच्या दिवशी चहा घेण्याआधी दहावा हिस्सा पाकिटात घालायचे. ते गेल्यावर त्यांच्या पेन्शनीतून तोच नेम मी चालवला. नेम चांगला होता. पुढे त्यात मी शिरले, आणि सगळं बिघडलं.

झालं असं की माझ्या मुलाच्या कंपनीत माणसं कमी केली आणि त्यात त्याचं नाव आलं. घर सुनेच्या, रूथच्या, शाळेतल्या पगारावर चालू लागलं. माझी पेन्शनही घरात मिसळू लागली. रूथ एकदा भाजी निवडता निवडता हळूच म्हणाली, "आई, थोडे महिने दशांश कमी टाकला तर देव रागावेल का हो?" मी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा मेथी निवडायला लागली. त्या दिवसापासून मी मनाशी ठरवलं, दशांश दमडीने कमी होऊ द्यायचा नाही आणि घरावर त्याचा भारही येऊ द्यायचा नाही. जे काही कापायचं ते माझ्यातलं कापायचं. ऐकायला किती छान वाटतं ना? आत मात्र सौदा होता. प्रभू, मी तुझा हिस्सा पुरा देते, तू माझ्या मुलाला काम दे. प्रार्थनेत मी हे इतक्या गोड शब्दांत म्हणायचे की मला स्वतःलाच तो सौदा वाटत नसे.

त्याच सुमारास बुधवारच्या शास्त्र-अभ्यासात हाच विषय निघाला, आजच्या ख्रिस्ती माणसाला दशांश बंधनकारक आहे का. आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, वयाने माझ्या मुलाहून लहान, पण शांत माणूस. ते म्हणाले, जुन्या काळी लेव्यांना, म्हणजे देवाच्या मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, जमिनीचा वाटा नव्हता, त्यांचं पोट त्या दहाव्या हिश्श्यावर होतं. नव्या करारात मात्र प्रेषितांनी मंडळीला आकडा घालून दिलेला दिसत नाही, ज्याने त्याने मनात ठरवावं आणि आनंदाने द्यावं. मागून कोणी म्हणालं, अब्राहामाने तर देवाने नियमशास्त्र देण्याच्या आधीच दशांश दिला होता. पाळक म्हणाले, हो, दिला होता, त्याच्याकडे कोणी मागितला नव्हता. मी उठून उभी राहिले आणि बोलले, "पाळकसाहेब, असं शिकवलंत तर दानपेटीत नाणीसुद्धा पडायची नाहीत." लोक हसले. मला वाटलं, जिंकले. आनंदाने द्यावं हे शब्द माझ्या कानावरून गेले. मी त्या वेळी गोळ्या कापून देत होते आणि त्यात आनंद कुठे होता?

पेठच्या बाजूला, घाट चढून गेल्यावर, डोंगरात एक लहानशी मंडळी आहे. त्यांच्या प्रार्थना-घराचे पत्रे उडाले होते. भात झोडून झालं की तिथे हंगामाची भक्ती असते. लोक नव्या भाताच्या टोपल्या, भोपळे, कोंबड्या घेऊन वेदीपाशी येतात. मी ठरवलं, काही महिन्यांचा साठवलेला दशांश पाकिटात चिकटवून तिथे न्यायचा आणि स्वतःच्या हाताने द्यायचा. स्वतःच्या हाताने म्हणजे चार लोकांना दिसेल असा. मुलगा म्हणाला, एकटी जाऊ नकोस. मी मुलाला हो म्हणाले आणि तो बाहेर गेल्यावर निघाले.

जीप नेहमीसारखी भरलेली होती. माझ्या शेजारी एक डोंगराकडची बाई होती, मैनाबाई. द्राक्षबागेतली घडांची विरळणी संपवून मजुरी घेऊन ती घरी चालली होती. तिच्या हाताची बोटं द्राक्षाच्या देठांनी काळी पडली होती. घाट सुरू झाला तसं माझं डोकं जड झालं. मी समोरच्या दांडीला धरायला गेले, तर उजवा हात माझं ऐकेना. कोणीतरी काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, पण तोंडातून निघालं ते मलाच कळलं नाही. एवढं आठवतं की मैनाबाईने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "फिरव."

ड्रायव्हर म्हणाला, "मावशे, मागं जायचं? सगळी माणसं हायत गाडीत."

"माणसं हायत म्हणूनच सांगतेय. फिरव."

गाडीत कोणी लग्नाला चाललं होतं, कोणाच्या पायाशी विकायला नेलेली भाजी होती. एकानेही हू की चू केलं नाही. घाटात वळायला जागा मिळाली तिथे ती भरली जीप वळली आणि आलेल्या वाटेने परत उतरली. मी ते पाहिलं नाही, मागाहून ड्रायव्हरने सांगितलं. पण आजही डोळे मिटून प्रार्थना करताना मला ती जीप वळताना दिसते.

खाली एका गावात लहानसा खाजगी दवाखाना होता. डॉक्टरांनी सुई दिली, जीभ थोडी सुटली. त्यांनी औषधं लिहून दिली, समोरच्या मेडिकलमधून लगेच आणायची होती. मैनाबाईने माझ्या छातीशी धरलेल्या पिशवीकडे पाहून विचारलं, "आजे, पैसं हायत का जवळ?"

आणि मी, जी मरणाच्या उंबरठ्यावर होते असं डॉक्टर नंतर म्हणाले, ती मी, पिशवी आणखी घट्ट धरून म्हणाले, "आहेत, पण ते देवाचे आहेत. त्याला हात लावू नको."

ती म्हणाली, "बरं." कमरेची पिशवी सोडली, आपली मजुरी काढली आणि रस्ता ओलांडून औषध घेऊन आली. कपाळावर आठी नाही, तोंडात टोमणा नाही. माझ्याकडून नंबर घेऊन मुलाला फोनही तिनेच दवाखान्यातून लावून घेतला. तो येईपर्यंत माझे पाय चोळत बसली आणि तो आल्यावर, मिळेल त्या जीपने निघून गेली. जाताना पैशाचं काही बोलली नाही.

शुद्धीवर पूर्ण आले तेव्हा पाकीट पिशवीत जसंच्या तसं होतं. चिकटवलेलं. त्याच्याकडे बघून मला जे वाटलं ते लिहायला अजून धजत नाही. आईबापाच्या तोंडचं काढून 'हे देवाला अर्पण केलंय' म्हणणाऱ्या लोकांना आपल्या प्रभूने कसं खडसावलं होतं, ते मी रविवारच्या शाळेत लहान पोरांना किती वर्षं शिकवलं होतं. मी फक्त एकच केलं नव्हतं, त्या रांगेत स्वतःला उभं करून पाहिलं नव्हतं. दशांश माझा पूर्ण होता. पण त्या दिवशी देवाला जे द्यायचं होतं, ते त्या बाईने दिलं, आणि तिला ते आपण देवाला देतोय हे ठाऊकही नव्हतं. मी घरी येऊन रूथला अडकित्ता दाखवला आणि सगळं सांगितलं. ती रडली, मग खूप रागावली, मग तिने अडकित्ता उचलून आपल्या कपाटात ठेवून दिला. तो अजून तिथेच आहे.

मुलाला काम मिळालं, पण बऱ्याच महिन्यांनी, आणि आधीपेक्षा कमी पगाराचं. त्याचा आणि माझ्या दशांशाचा मेळ कोणी घालू नये. मी तो घालून बघितलाय आणि तो बसत नाही. दहावा हिस्सा मी आजही काढते. पाळकांना विचारलं तर ते म्हणतात, बंधन नाही. मला विचाराल तर मी म्हणेन, सवय चांगली आहे, पण पाकीट चिकटवू नका. कधी शेजारणीच्या दवाखान्यात, कधी मंडळीत, कधी घरातच रूथच्या हातावर ते जातं. दहा भाग त्याचेच आहेत, मग एक भाग देऊन त्याला बांधून घेणारी मी कोण? हे शहाणपण मला घाटात आडवं पडल्याशिवाय आलं नाही, याची लाज वाटते, आणि उपकारही वाटतात. मी हातपाय चालवत होते तोवर सगळं माझ्या मुठीत होतं. हात लुळा पडला तेव्हाच कोणीतरी मला उचलू शकलं.

त्या दुखण्यातून उठून हिंडण्याफिरण्याइतकी झाले तसं मुलाला घेऊन, त्याच ड्रायव्हरला विचारत विचारत, मैनाबाईचं घर गाठलं. ती अंगणात नागली पाखडत होती. तिच्या छपराच्या अर्ध्या भागावर नवी कौलं होती आणि अर्ध्यावर निळा प्लास्टिकचा कागद, दगड ठेवून दाबलेला. बाकीच्या कौलांचे पैसे माझ्या औषधात गेले होते, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. मी तेच पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "सगळं ठेव."

तिच्या लगेच ध्यानात आलं. "हे तर देवाचं ना? त्या दिशी हात लावू देत नव्हतीस."

"चुकलं माझं," मी म्हणाले. आणि मग काय वाटलं कोण जाणे, अर्ध्या गोळ्यांचंही आणि प्रार्थना-घराच्या उडालेल्या पत्र्यांचंही सांगून टाकलं.

तिने पाकीट फोडून औषधाला लागले होते तेवढेच पैसे काढले, बाकीचं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं, वर कोरा चहा पाजला. निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने मला दंडाला धरून सरळ केलं आणि म्हणाली, "राहिलेलं तुझ्या त्या पत्रे उडालेल्या देवळात दे जा. पण आजे, पुढल्या खेपेला गोळी आख्खी खाऊन ये. देवाला चार दिस उशिरा दिलं तरी चालतं, तो काय घाटात चक्कर येऊन पडत नाय."