पहिल्या तुकड्यावर टाळी

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही — नवऱ्याच्याही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

नेवाशाच्या कॉलेजात मी फ्रेंच शिकवायचे. मार्क पडतात म्हणून पोरं हा विषय घ्यायची. मी स्वतः ती भाषा शिकले पुस्तकातून, परीक्षेपुरती. पण वासरांत लंगडी गाय शहाणी! क्रियापदं मी पाढ्यांच्या चालीवर घोकून घ्यायचे — शब्दाचे तुकडे पाडायचे आणि जोर येईल त्या तुकड्यावर टाळी. 'पार्ले' म्हणजे बोलणं. पार्, ले. टाळी 'पार्'वर. 'रेगार्दे' म्हणजे पाहणं. टाळी 'रे'वर. अख्खा वर्ग एका दमात म्हणायचा आणि मला कोण अभिमान वाटायचा!

मग एकदा मोबाईलवर एका फ्रेंच बाईचं बोलणं ऐकलं. जोर शेवटच्या तुकड्यावर होता. प्रत्येक वेळी. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगता आलं नसतं का? आलं असतं. पण मॅडम चुकल्या, हे पोरांच्या तोंडी — नकोच वाटलं. टाळ्या तशाच चालू ठेवल्या. पेपर मीच काढायचे, मीच तपासायचे. विचारणार कोण?

घोडेगावची रूपाली माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. वडील जनावरांच्या बाजारात म्हशींची दलाली करायचे. तिला वेरूळला फ्रेंच पाहुण्यांची गाईड व्हायचं होतं, दुसरं काहीच नको होतं. मुलाखतीला गेली. तिथल्या बाईंनी तिला पुन्हा पुन्हा बोलायला लावलं, बोललेलं काही कळत नाही म्हणाल्या, आणि परत पाठवलं. ती थेट माझ्या दारात आली.

"मॅडम, आपलं कुठं चुकलं?"

आपलं — म्हणजे दोघींचं. खरं सांगायला असा किती वेळ लागला असता? मी म्हणाले, तुझी जीभच जड आहे गं, तुला नाही जमायचं. तिनं मान डोलावली. पटलं तिला! मला माझी किळस येते — आजही येते.

परवा ती बाजारात भेटली. सोबत लेक, अखंड बडबडणारी.

"हिला इंग्रजी शाळेतनं काढली मॅडम," रूपाली म्हणाली. "आमच्यात जीभच जड हाय. उगं पोरीला कशाला तरास?"

मी "बरं" म्हणाले. पोरीच्या गालाला हात लावला आणि पुढे गेले.